तिघांत एक कसा?

मी पदवीधर झालो तो प्रेमाअक्कांमुळे. हळ्ळीखेडच्या ख्रिस्ती वसतिगृहाच्या त्या वॉर्डन होत्या. आज मेणबत्ती विझवली आणि त्या वासानं तिथली प्रार्थना आठवली.

एकदा प्रार्थनेनंतर मी विचारलं होतं, "अक्का, पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघं, मग देव एकच कसा? आमच्या दत्तासारखा व्हय?"

शेजारचा शिवा पुटपुटला, "गुंडाळ आता वळकटी!" वसतिगृह सुटलं की शाळाही सुटणार होती.

अक्का हसल्या. "दत्तासारखा न्हाई रे. पर कसा, ते मला बी पुरतं उमगलं न्हाई. तू इचारत ऱ्हा."

तेव्हा वाटलं, अक्का हरल्या. आता मी स्वतः शाळेत शिकवतो. आताच त्यांना पत्र पाठवलं: "अक्का, आज वर्गात एका मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. तसं तिला सांगितलं. उद्या ती आणखी प्रश्न आणणार आहे."