अपग्रेडच्या अकरा मिनिटांत आलेला शब्द

आधीच सांगून टाकते. भुतंखेतं, करणी, आत्मे यातलं मी काही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. लहानपणी एरंडोलला मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या आत्याला मी विचारलं होतं, "मग मांजराने कुठून जायचं?" त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला होता. तर मी अशी आहे. हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही. गेलं वर्षभर दोन प्रकारचे लोक मला छळतायत. एक म्हणतात, "तू हे सगळं बनवलंस." दुसरे म्हणतात, "घरात शांती करून घ्या." दोघांनाही एकदाच काय ते उत्तर देऊन टाकते.

मी जळगावला वेबसाइट बनवते आणि सांभाळते. गणेश कॉलनीत एका जिन्याखालच्या दोन खोल्या, हे माझं ऑफिस. बहुतेक साइट मी एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालवते. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं असं ते सॉफ्टवेअर. त्यातलीच एक साइट दोंडाईच्याच्या नाना सरांची.

नाना म्हणजे निवृत्त शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आठ वर्षं खपून खान्देशी बोलीतले शब्द गोळा केले होते. प्रत्येक शब्दाला एक पान. पानावर शब्द, अर्थ, एक वाक्य आणि ते वाक्य नानांच्या स्वतःच्या आवाजात. आवाज ते फोनवर रेकॉर्ड करायचे आणि स्वतःच साइटवर चढवायचे. एखादं बटण सापडलं नाही की मला फोन. "वैशाली, तुनं ते मशीन आज रुसनं शे वं." मी हसायचे आणि त्या रुसलेल्या मशीनचं बटण कुठे ते सांगायचे.

मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, किती समजतंय ते आत्ताच सांगता येणार नाही. घरच्यांनी काही महिने वाट पाहिली. मग, कुणी मुद्दाम ठरवलं असं नाही, पण सगळ्यांनी धरून चाललं की आता काहीच समजत नाही. नानांचा फोन बंद करून कपाटात गेला. साइटवर नवा शब्द येणं थांबलं.

झटक्यानंतर सात महिन्यांनी होस्टिंगवाल्यांची मेल आली. साइट फार जुन्या व्हर्जनवर आहे, नवीन व्हर्जनवर नेली नाही तर या महिनाअखेरीला बंद पडेल. खरं म्हणजे ती साइट कुणी मागत नव्हतं. नानांचा मुलगा संजयभाऊ, मिरचीचा व्यापारी, फोनवर म्हणाला, "राहू द्या ना ताई. कोण बघतंय आता?" मी म्हटलं, "मी बघतेय." आणि ठेवला फोन.

मार्चमधला रविवार होता. दुपारी बाराचं टळटळीत ऊन, बाहेर रसवंतीच्या चरकाची घुंगरं वाजत होती. वातावरणनिर्मिती म्हणाल तर एवढीच. पूर्ण बॅकअप घेतला. जोडीची छोटी सॉफ्टवेअर बंद केली. साइट मेंटेनन्सवर टाकली, म्हणजे बाहेरून कुणी आलं तर त्याला फक्त "दुरुस्ती सुरू आहे" असं दिसणार. लॉगिनही बंद केलं. आत मी एकटी. शब्दांची संख्या कागदावर लिहून ठेवली, ही माझी जुनी सवय, कारण अपग्रेडमध्ये पानं गहाळ होऊ शकतात. एकोणीसशे अकरा.

अपग्रेडला अकरा मिनिटं लागली. एकही एरर नाही. साइट उघडली, संख्या पाहिली.

एकोणीसशे बारा.

पानं कमी झालेली मी पाहिली आहेत. वाढलेली कधी नाही.

नवीन पान सगळ्यात वर होतं. शब्द: उगामुगा. अर्थ: गप्प, न बोलता. लेखक: नाना. वेळ: बारा वाजून सव्वीस मिनिटं. म्हणजे साइट बंद होती त्या अकरा मिनिटांतली. खाली उदाहरणाचं वाक्य —

"मी उगामुगा शे, पण माले बठ्ठं आयकू येस."

मी गप्प आहे, पण मला सगळं ऐकू येतं.

पहिला विचार आला तो कुठल्याही डेव्हलपरला येईल तोच. जुना ड्राफ्ट असणार. कधीतरी नानांनी लिहून ठेवला असेल, नव्या व्हर्जनने वर काढला असेल. बॅकअप उघडून शोधलं. 'उगामुगा' कुठेच नाही. पानात नाही, ड्राफ्टमध्ये नाही, कचऱ्यातही नाही. मग पानावरची आवाजाची फाइल वाजवली. नऊ सेकंदांची होती.

नानांचाच आवाज. दमदार, शाळेतल्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. आणि त्या आवाजामागे, लांबून, एक बाई विचारत होती, "सोमवारे किती वाजता जानं शे? गोधड्या बांधू का?"

तो बाईचा आवाज मी ओळखला नाही. मी पाच-सहा वेळा फाइल ऐकली. मग संजयभाऊंना फोन लावला.

"भाऊ, नाना बोलायला लागले का?"

"नाही हो. का?"

"काही नाही... उद्या सोमवारी तुम्ही त्यांना कुठे नेताय का?"

पलीकडचा आवाज चढला. "तुम्हाला कोणी सांगितलं? घरातल्या दोघांशिवाय कोणाला माहीत नाही अजून!"

मी खरं ते सांगितलं. ते ऐकून घेतील अशी अपेक्षा नव्हतीच. "ताई, ऊन लागलंय तुम्हाला," म्हणून त्यांनी फोन कट केला.

आता इथे मी काय करायला हवं होतं ते सांगा. लॅपटॉप मिटून घरी जायचं? लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण आलं-गेलं त्याच्या नोंदी, तपासत बसायचं? लॉग मी नंतर तपासलेच. पण त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की उद्या त्या माणसाला कुठेतरी नेणार आहेत, आणि "मला ऐकू येतं" असं त्याच्या आवाजात माझ्यासमोर पडलंय. ते कुठून आलं हा प्रश्न थांबू शकत होता.

सोमवारी पहाटेच्या गाडीने निघाले. अमळनेर, नरडाणा करत दोंडाईचा. स्टेशनबाहेर पडलं की मिरचीच्या उग्र वासाने पहिली शिंक येतेच, ती आली. घरासमोर पांढरी गाडी उभी होती, डिकी उघडी, आत दोरीने बांधलेल्या गोधड्या.

सुरेखावहिनी, म्हणजे संजयभाऊंची बायको, दारात आल्या. "या ना ताई," म्हणाल्या, आणि मी जागीच थबकले. फाइलमधला आवाज त्यांचा होता.

धुळ्याला एक संस्था अशा रुग्णांना ठेवून घेते, तिथे नानांना नेणार होते. मी संजयभाऊंना वाईट ठरवत नाहीये, हे नीट वाचा. सात महिने तो माणूस बापाला दिवसातून चार वेळा कुशीवर वळवत होता. त्याची कंबर गेली होती. वहिनींचे हात धुऊन धुऊन सोलले होते. दमलेली माणसं होती ती. पण चर्चा सगळी नानांच्या खाटेशेजारी बसून झाली होती. त्यांना काही समजत नाही म्हणून.

मी लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि फाइल वाजवली.

वहिनींनी स्वतःचं वाक्य ऐकलं आणि तोंडावर पदर घेतला. "हे मी काल इथेच बोलले... भांडी घासून आले तेव्हा... साडेबाराला."

संजयभाऊ मात्र भडकले. "आजकाल कोणाचाही आवाज बनवता येतो. एआय का काय ते. तुमचा धंदाच तो! माझ्या बापाच्या आजारपणावर असले खेळ करता?"

"मी बनवलं असेल तर नानांना ऐकू येत नसेल," मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता. "बरोबर? मग त्यांनाच विचारा. दोन मिनिटं लागतील. गाडी दोन मिनिटं थांबेल."

ते जागचे हलेनात. शेवटी वहिनीच खाली बसल्या. नानांचा डावा हात हातात घेतला. "बाबा, आयकू येत असेल तर हात दाबा."

काही झालं नाही. डोळे छताकडे. पंखा फिरत होता. ड्रायव्हरने बाहेरून हॉर्न दिला. मला वाटलं, वैशाली, केलीस फजिती स्वतःची.

वहिनी रडवेल्या झाल्या होत्या, पण हट्टाने म्हणाल्या, "बाबा, माझ्या हातच्या भाजीत मीठ जास्त असायचं का? खरं सांगा."

वहिनींनी दचकून हात पाहिला. "दाबला," म्हणाल्या. मग एकदम हसू आणि रडू दोन्ही. "दोनदा दाबला हो!"

संजयभाऊ पुढे आले. गुडघ्यांवर बसले. तो एवढा मोठा माणूस अगदी हळू बोलला, "बाबा, माले वयखतस का?" मला ओळखता का, म्हणून.

नानांची बोटं त्यांच्या मनगटावर आवळली गेली ती सुटेचनात. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं. मग संजयभाऊंनीच बाहेर जाऊन ड्रायव्हरला परत पाठवलं, आणि डिकीतल्या गोधड्या स्वतः खांद्यावर टाकून आत आणल्या.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. समज पूर्ण आहे, फक्त शब्द बाहेर येण्याची वाट बंद झाली आहे, असं सांगितलं. दिवसभरासाठी एक मदतनीस बाई ठेवली. धुळ्याच्या एक वाचा-उपचारवाल्या मॅडम आठवड्यातून एकदा येऊ लागल्या. त्यांनी पुठ्ठ्यावर मोठी बाराखडी काढून दिली. नाना डाव्या बोटाने अक्षरं दाखवतात. पहिल्या दिवशी त्यांनी काय लिहिलं माहितीये? "चहा." सात महिने त्यांना नळीने आणि चमच्याने नुसतं दूध देत होते.

इकडे माझं शोधणं सुरू होतं. पुण्याचा माझा मित्र फिरोज सर्व्हर सांभाळतो. त्याने लॉगची ओळ न् ओळ तपासली. त्या अकरा मिनिटांत माझ्याशिवाय कोणी आत आलेलं नाही. फाइल बाहेरून चढवल्याची नोंद नाही. ती सर्व्हरवर नुसती आहे. जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडले असतील म्हणून त्याने सगळ्या फाइली ताडून पाहिल्या. 'उगामुगा' हा शब्द नानांच्या आवाजात दुसरीकडे कुठेच नाही. शेवटी फिरोज म्हणाला, "मला माहीत नाही." आणि हे तो आयुष्यात फार वेळा म्हणत नाही.

बातमी फुटलीच. नातेवाईक यायला लागले. कोणी म्हणालं, उतारा टाका. एका काकांनी मला फोन करून सुचवलं की त्या मशीनला लिंबू-मिरची बांधा. मी म्हटलं, "काका, सर्व्हर परदेशात आहे, बांधायला तुम्ही जाता का?" सोशल मीडियावर एकाने लिहिलं की धंदा वाढवायला बाईने नाटक केलं. त्याला मी फिरोजचे लॉग पाठवले. अजून उत्तर नाही.

मग संजयभाऊंचा फोन आला. या वेळी आवाज नरम होता. "ताई, तुमचे उपकार आहेत. पण ते एक पान तेवढं काढून टाका ना. लोक येऊन बाबांकडे टक लावून बघतात. घरात काहीतरी आहे म्हणतात."

"भाऊ, पान नानांच्या नावावर आहे," मी म्हटलं. "त्यांनी काढ म्हटलं तर आत्ता काढते. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून नाही."

म्हणून मी पुन्हा दोंडाईच्याला गेले. नानांना उशी लावून बसवलं होतं. मी लॅपटॉपवर ते पान उघडून समोर धरलं आणि सरळ विचारलं, "नाना, हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी वाचलं. कपाळाला आठी पडली. डावं बोट उचलून त्यांनी स्क्रीनवर ठेवलं, 'पण' या शब्दावर. नखाने टकटक केलं. मला कळेना. मग बोट पुठ्ठ्यावर नेलं आणि 'न' वर ठेवलं. पुन्हा स्क्रीन, पुन्हा 'न'. आता चिडून.

वहिनी हसायला लागल्या. "अहो ताई, आमच्या बोलीत 'ण' नसतो. पन म्हणतात, पन. पोरांनी 'ण' लिहिला की बाबा वही फेकायचे."

मी तिथेच बसून बाकीच्या एकोणीसशे अकरा पानांमधली उदाहरणाची वाक्यं शोधून पाहिली. एकाही वाक्यात 'ण' नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. म्हणजे आवाज नानांचा आणि अक्षरं त्यांची नाहीत? मग कोणाची? माझी नाहीत. फिरोजची नाहीत. घरात तर साइटवर लिहिता कोणालाच येत नव्हतं.

"नाना, खरं सांगा," मी परत विचारलं, "आवाज तुमचा आहे ना? कधी बोललात हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठ्यावर एकेक अक्षर दाखवलं — आ... धी... दु... रु... स्त... क... र.

केलं. त्यांच्यासमोर 'पण'चं 'पन' केलं आणि सेव्ह केलं. पान काढायचं का, हेही विचारलं. त्यांनी माझं मनगट धरून हात लॅपटॉपपासून बाजूला सारला. यापेक्षा स्पष्ट 'नाही' कोणी सांगत नाही.

पान साइटवर आहे. त्याच्या नोंदवहीत दोन ओळी दिसतात. दुरुस्ती, माझ्या नावाने. आणि तिच्या खाली मूळ मजकूर, नानांच्या नावाने, बारा सव्वीसचा. त्या खालच्या ओळीचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही. तुम्हाला लागला तर जरूर सांगा, चूक मी मान्य करीन. पण पान काढ म्हणू नका. ते मी काढणार नाही.