जुनी डिस्क मोडीत दिली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. मी निवडत होतो आणि बायको कम्प्युटरसमोर बसून हरतालिकेची कहाणी सांगत होती. तिकडे मध्य प्रदेशातच, धारला, लेकीकडे आमची नात आहे. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी बोलते कशीबशी, वाचता मुळीच येत नाही. म्हणून ही कहाण्या, मंगळागौरीची गाणी, पुरणाचं प्रमाण, सगळं कॅमेऱ्यासमोर बोलून ठेवायची. मधेच मशीन थांबलं. जागा संपली म्हणे.

"अहो, मोठी डिस्क आणा एक. दर वेळी काय पुसत बसू?"

"आणतो," म्हटलं.

त्याच आठवड्यात ती गेली. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंतही राहिली नाही.

तेरावं झालं आणि मी डिस्क शोधायला निघालो. देवासला कारखान्यात जन्म गेला माझा, मशीनला भीत नाही. पण दुकानदार! एक म्हणाला, "इतनी बड़ी कौन लेता है, भिया? मँगवानी पड़ेगी." दुसरा म्हणाला, "काका, ये डब्बा फेंको, लॅपटॉप ले लो." तिसऱ्याने दिली ती चपटी पट्टी निघाली, आमच्या कम्प्युटरच्या डब्यात ती बसायला जागाच नाही. परत करायला गेलो तर म्हणतो, पाकीट फोडलंत. अरे, न फोडता बसवू कुठे, तुझ्या डोक्यात?

शेवटी डबा चादरीत बांधला आणि बसने धार गाठलं. लेकीच्या घराजवळच्या दुकानात हवी ती डिस्क होती. दुकानदाराने तिथेच बसवली, मशीन चालू करून दाखवलं. मग म्हणाला, "पुरानी दे दो बाबूजी, कुछ कम कर दूँगा."

दिली. आमच्यात जुनं भांडं मोडीत देऊन नवं घ्यायची रीतच आहे. हिने तर अर्धं स्वयंपाकघर तसंच बदललं. मला वाटलं, डिस्क म्हणजे नुसती जागा, रिकामी फळी. जे काय आहे ते डब्यात असणार. त्यानेही विचारलं नाही, मीही नाही. भांडं मोडीत देताना आतले गहू काढून घ्यायचे, एवढी अक्कल मला आहे. पण गहू त्यातच आहेत हे कुणी सांगायचं?

संध्याकाळी नातीने मशीन लावलं. "आजोबा, आजीचं फोल्डर कुठे आहे? ये तो पूरा खाली है."

"नीट बघ."

"बघितलं ना! नया है सब."

जावई म्हणाले, "बाबा, जुनी डिस्क कुठंय?" मी सांगितलं. लेक आत निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. जावयांनी दुकानदाराला फोन लावला, उचलला नाही. तोवर दुकान बंद झालं होतं. केवढी मोठी डिस्क आणली मी! आणि आत ठेवायला काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच दुकानावर गेलो. शटर उघडेपर्यंत पायरीवर बसलो. दुकानदार आला, त्याला सगळं सांगितलं. त्याने टेबलाखालून पुठ्ठ्याचं खोकं ओढलं. आत जुन्या डिस्कच डिस्क, सगळ्या सारख्या.

"इनमें से आपकी कौन-सी है, मैं कैसे बताऊँ? कुछ तो कल शाम को ही साफ कर दीं."

"एकेक लावून बघा."

"दोपहर हो जाएगी, बाबूजी. ग्राहक आएँगे."

"येऊ देत. बाईचा आवाज निघेल ती माझी."

तो पुटपुटला काहीतरी. मी खोकं मांडीवर घेतलं, वरची डिस्क शर्टाला पुसली आणि त्याच्या हातात दिली.