शब्दात धरलेली तूबा

इराणातल्या आमच्या नाईन गावात तूबाइतकं रीतीचं बोलणारी बाई शोधून सापडली नसती. आमच्याकडे रीतच तशी. पाहुणीनं गालिचा वाखाणला की 'तुमचाच आहे, घेऊन जा' म्हणायचं. पाहुणीनं 'छे छे, तुमच्याच घरी शोभतो' म्हणायचं. गालिचा जागच्या जागी आणि दोघींची इभ्रतही शाबूत. ह्यात कुणी खोटं बोलत नाही, खरंही बोलत नाही. ज्याला हे कळत नाही तो एक तर परगावचा, नाहीतर हरामखोर. लोकरीच्या वखारीची मालकीण एशरत खानम तर इथंच जन्मली, इथंच वाढली.

नवरा गेल्यावर तूबाच्या मागाला लोकर मिळायची ती ह्या खानमच्याच वखारीतून. तूबा आणि तिची नऊ वर्षांची महलका, दोघी मायलेकी एका फळीवर बसून विणायच्या. मागासमोर दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत.

एकदा खानम माग बघायला आली. चार शेजारणी होत्याच. महलकाची बोटं सपासप गाठी मारत होती.

"काय गं बाई हात हिचे! नजर न लागो," खानम म्हणाली.

"तुमचीच दासी आहे, खानम," तूबा म्हणाली. कुठलीही आई हेच म्हणाली असती.

आता खानमनं म्हणायचं होतं, 'देव तुझ्याजवळच सुखात ठेवो.' खानम म्हणाली, "मग उद्या पाठव. माझ्या सुनेला हाताखाली कुणीतरी हवंच आहे."

तूबा हसली. थट्टाच वाटली तिला. शेजारणीही हसल्या, पण खानम हसेना तेव्हा एकेकीनं मान खाली घातली. रोज तूबाच्या तंदुरावर रोट्या भाजून नेणारी ती फख्री, तिनंही ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच खानमचा गडी गाढव घेऊन दारात हजर. नाही म्हणावं तर 'तोंडावर बोलून फिरली' असा गावभर बोभाटा, आणि लोकर बंद. तूबानं पोरीला उचलून गाढवावर बसवलं. "आठवड्याचा तर प्रश्न आहे, राणी," म्हणाली.

आठवड्याचे पाच महिने झाले. दाराशी गेलं की 'खानम निजल्यात'. पोर दिसली ती एकदाच, हौदाशी भांडी घासताना. थंडीनं हात कोपरापर्यंत फुटलेले. तूबानं हाक मारायच्या आत कुणीतरी दार लावून घेतलं. घरी येऊन ती मागासमोर बसली आणि तिच्याच्यानं एक गाठ मारवेना.

मग नवरोज आला, नव्या वर्षाचा सण. नवरोजला दार कुणालाच बंद करता येत नाही. खानमचा दिवाणखाना बायकांनी खच्चून भरला होता. तूबा शिरली ती बसलीसुद्धा नाही.

"खानम, माझी पोर द्या."

"अगं बस की, चहा घे. घर तुझंच आहे."

"चहा नको. पोर द्या."

"तूच दिलीस ना? ह्या सगळ्या होत्या तिथं. काय गं फख्री?"

फख्री पिस्ते सोलत राहिली.

"ते रीतीचं बोलणं होतं," तूबा म्हणाली. "तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"म्हणजे खोटं बोललीस? माझ्या तोंडावर? मग तसं म्हण ना. सगळ्यांसमोर म्हण, 'मी खोटं बोलले', आणि ने पोर."

काय मेला डाव हा! एवढं कबूल केल्यावर बाईच्या शब्दाला गावात काडीची किंमत राहत नाही, हे तिथं बसलेल्या एकूणएक बाईला ठाऊक होतं. पण तूबाला पोर हवी होती.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली.

"ऐकलंत ना गं सगळ्यांनी?" खानमला जेवल्यासारखं वाटलं असावं. तिनं आत हाक मारली, "महलका! आई आली आहे न्यायला. जायचं तर जा बाई, मी काही बांधून ठेवलेलं नाही."

महलका चहाचं तबक घेऊन आली. केस आवळून बांधलेले, अंगावर कुणाचा तरी उतरलेला झगा. तिनं सगळं आतून ऐकलं होतं.

"चल, बाळा," तूबा म्हणाली. "तेव्हा नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं मी. मनात नव्हतं माझ्या."

"मग आत्ता म्हणतेस ते?"

"हे खरं आहे गं! तुझ्यावरून जीव ओवाळून टाकेन मी!"

"ते तू दहीवाल्यालाही म्हणतेस."

बायका फिदीफिदी हसल्या, फख्रीसुद्धा. काळजाचा तुकडा, डोळ्यांची ज्योत, जे जे तूबाच्या ओठावर आलं ते तिचं कधी ना कधी कुणाला तरी म्हणून झालं होतं. पोरीनं वाट पाहिली. खरंच पाहिली हो, हातातलं तबक तसंच धरून पाहिली. मग इतर बायकांपुढे धरावा तसाच एक पेला तिनं आईपुढे धरला.

"चहा घ्या," म्हणाली.