पहिल्या हाकेची मोठीमाय

तापीच्या त्या काठावर पहिल्या हाकेला ओ देणारे माणूस एकच होते, आणि ते म्हणजे मोठीमाय. बाकी सगळे गाव तिसऱ्या हाकेपर्यंत बहिरे. मी बेटावरून ‘तेल हवंय हो’ म्हणून ओरडले, की समोर ओट्यावर बसलेला वाणी माझ्याकडे चांगला टक लावून पाहायचा, पोटरी खाजवायचा, पण जागचा हलायचा नाही. तिसऱ्यांदा ओरडले, की आत्ताच कानावर आल्यासारखा उठायचा. मोठीमायचे तसे नव्हते. माझ्या तोंडून ‘मोठी’ एवढेच निघायचे आणि पलीकडून ‘ओ’ यायची. ‘माय’ म्हणेपर्यंत तिने होडीचा दोर सोडलेला असायचा.

मी तिथे कशाला गेले होते ते आधी सांगते. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, तेव्हाची गोष्ट. आमचे लग्न नवे होते आणि ह्यांना विषमज्वराने पार झोपवले होते. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितले, हवापालट करा. हवापालट म्हणजे महाबळेश्वर, हे शाळामास्तराच्या पगाराला कोण समजावणार? तेव्हा ह्यांच्या ओळखीच्या एका गुजर शेतकऱ्याने तोडगा काढला. त्यांना सगळे भाईजी म्हणत. सारंगखेड्यापासून थोडे खाली, तापीच्या पात्रात त्यांचे बेट होते. बेटावर आंब्याची झाडे आणि राखणदारासाठी बांधलेली विटांची खोली. राखणदार खोली सोडून पळाला होता, म्हणून ती उन्हाळ्यापुरती आम्हाला अगदी स्वस्तात मिळाली. तो का पळाला, हे मी विचारले नाही. स्वस्त मिळाले की मी फार चौकशी करत नसे.

बेटाच्या एका अंगाला पाणी घोटाभर, त्यापलीकडे वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या. दुसऱ्या अंगाला मात्र डोह. भर वैशाखातही तो आटत नसे आणि त्याचे पाणी हिरवे, जाड, न हलणारे होते. गाव डोहापलीकडे. त्यामुळे मीठमिरचीसुद्धा होडीतूनच यायची. वाणी मालाच्या किमतीवर होडीचे पैसे लावायचा. पहिल्याच आठवड्यात माझे डोळे पांढरे झाले. मग मला वाण्याच्या शेजारची ती एकखणी झोपडी दिसली. तिच्या दारात तेलाचा डबा, मिठाचे मडके आणि गुळाची ढेप मांडून एक वाळकी म्हातारी बसलेली असे. तीच मोठीमाय.

मोठीमायने होडीचे पैसे कधीच घेतले नाहीत. मी एकदा देऊ केले, तर तिने हात मागे घेतला. “मालना पैसा दे. हाकना पैसा माले नको,” म्हणाली. स्वस्तात कसे जगायचे, हे मी तिच्याकडूनच शिकले. अख्ख्या डाळीऐवजी चुरी घे, चव तीच. तांदळाची कणी आजाऱ्याला उलट बरी. गूळ कळसाडीकडच्या गुऱ्हाळातला घे, काळा दिसतो पण गोड असतो. भाजीसाठी वाडीवर उन्हे चढल्यावर जा, तेव्हा माळी सुकलेली काकडी फुकटही देतो. “सकायले जाशी ते तो तुले शेठानी समजी,” असे म्हणून ती बोळक्या तोंडाने हसायची.

एकाच गोष्टीने मी तिच्यावर चिडायचे. मी हाक मारलेली नसतानाही ती यायची. टळटळीत दुपारी, सगळीकडे शुकशुकाट असताना, वल्ह्याचा आवाज यायचा आणि मोठीमाय पदराखाली काहीतरी घेऊन दारात उभी.

“हाक मारी ना तुनी? हाई ले रॉकेल.”

“मी नाही मारली, मोठीमाय.”

“मंग कोनी मारी? आठे दुसरं कोन शे?”

हा प्रश्न ती अगदी साधेपणाने विचारायची आणि उत्तरासाठी माझ्या खांद्यावरून खोलीत पाहायची. आत हे झोपलेले असायचे. मला वाटले, म्हातारी पक्की आहे, माल खपवायची युक्ती काढली आहे. मी रॉकेल परत पाठवले. ती ते पदराखाली घेऊन परत गेली. दिवेलागणीला कंदील भरायला घेतला, तर बाटली आडवी पडून सगळे रॉकेल जमिनीत मुरले होते. बाटलीला कोणी हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही चुलीच्या उजेडात जेवलो.

भाईजी आंबे बघायला आले, तेव्हा मी हे हसत हसत सांगितले. भाईजी हसले नाहीत.

“ताई, इथं पहिल्या हाकेला ओ देत नाहीत,” ते म्हणाले. “डोहात बुडालेलं माणूस एकदाच हाक मारतं. ओ दिली की ते माणसाला घेऊन जातं. जिवंत माणूस तीनदा मारतो. म्हणून आम्ही थांबतो.”

“मग मोठीमाय?”

भाईजींनी डोहाकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. “तिचा मुलगा होता ना, रतन. दुकानाचा माल घेऊन पलीकडून येत होता. दिवेलागणीची वेळ. ‘माय’ म्हणून एक हाक आली. ती भाकर थापत होती. दुसरी येऊ दे, म्हणून थांबली.” एवढे बोलून ते आंबे मोजायला निघून गेले.

त्यानंतर मोठीमाय न बोलावता आली की मी काहीबाही विकत घ्यायला लागले. तिची कीव यायची आणि भीतीही वाटायची. एकदा धीर करून विचारले, “मोठीमाय, तुला भीती नाही वाटत? उद्या खरंच कोणी ओढून नेलं तर?”

ती मिठाची पुडी बांधत होती. दोरा हिसक्याने तोडून म्हणाली, “दुसरी हाक कोन मारस, पोरी? ज्याले वखत शे तो.”

ह्यांची तब्येत आता सुधारत होती. भाकरी पचायला लागली, आवाजात जोर आला. आजारी माणसाला बरे वाटू लागले की तो घरातल्यांचे ऐकेनासा होतो, तसे ह्यांचे झाले. एका दुपारी मी डांगर आणायला वाडीवर गेले. पाणी मी आल्यावर आणते, तुम्ही उठू नका, असे बजावून गेले होते. डांगर कमरेवर घेऊन परत आले, तर खोलीचे दार उघडे, आत कोणी नाही आणि कळशीही जागेवर नाही.

मी डोहाकडे धावले. काठची वाळू कोसळून ताजे भगदाड पडले होते. कळशी पाण्यावर हेलकावे खात होती. आणि तिच्या थोडे पुढे मोठीमायची होडी होती, एका बाजूला इतकी कललेली की आता उलटते. म्हातारी पालथी पडून, दोन्ही हातांनी ह्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून, सगळा जोर लावून ओढत होती. मी छातीभर पाण्यात शिरले आणि आम्ही दोघींनी मिळून ह्यांना वाळूवर आणले. ह्यांनी बरेच पाणी ओकले आणि मग डोळे उघडले. मी तिथेच फतकल मारून मोठ्याने रडले. लाज वगैरे काही उरली नव्हती.

रडणे थांबल्यावर लक्षात आले. गावापासून बेटापर्यंत होडीला वेळ लागतो. वाळू कोसळल्यावर ती निघाली असती, तर पोचलीच नसती. ती आधीच निघाली होती.

मी ह्यांना म्हटले, “बरं झालं तुम्ही हाक मारलीत.”

हे खोकत उठून बसले. “मी कुठं मारली? पाय घसरला तोच तोंडात पाणी गेलं.”

आम्ही दोघांनी मोठीमायकडे पाहिले. ती लुगडे पिळत होती.

“यास्नी नई मारी,” ती म्हणाली. “रतननी मारी. ‘माय’ म्हने. मन्हा आंडोरना आवाज माले वळखू येत नई का?”

मी ह्यांचा हात घट्ट धरला. डोह मात्र पुन्हा तसाच निवांत झाला होता. मोठीमाय होडीत बसली, जाता जाता तिने पाण्याकडे पाहिले आणि शाळेतून वेळेवर घरी आलेल्या पोराशी बोलावे तशी काहीतरी पुटपुटली. मला ते ऐकू आले नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

पावसाआधी आम्ही बेट सोडले. निरोप द्यायला ती काठावर आली. मी तिच्या पाया पडले, तर तिने माझ्या ओटीत गुळाचा खडा टाकला आणि म्हणाली, “घरमा कोनी हाक मारी ते पयलीलेच ओ देजो.” मी हो म्हटले.

आणि मी ते पाळले. हे माझी थट्टा करायचे. मुद्दाम माजघरातून हळूच, एकदाच ‘अगं’ म्हणायचे आणि मी स्वयंपाकघरातून ओ देते का ते पाहायचे. मी कधी चुकले नाही.

काही वर्षांनी भाईजी कापूस घेऊन नंदुरबारला आले होते, तेव्हा घरी डोकावले. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी सांगितले, मोठीमाय गेली. तापीला पूर आला होता, पाणी ओट्यांना लागले होते. दिवेलागणीला ती होडी घेऊन निघाली. तव्यावर भाकरी तशीच होती. होडी खाली बाभळीत अडकलेली सापडली, ती सापडली नाही.

“त्या वेळी काठावर पूर बघायला सगळं गाव उभं होतं, ताई,” भाईजी म्हणाले. “तिची ओ सगळ्यांनी ऐकली. इतकी आनंदानं दिलेली ओ मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. पण हाक कोणालाच ऐकू आली नाही.”

तिने डोहातून काढून दिलेला माणूस त्यानंतर माझ्यासोबत म्हातारा झाला. मुलांची लग्ने पाहिली, नातवंडांना अक्षरे गिरवायला शिकवली आणि गेल्या वर्षी झोपेतच गेला. आता घरात मी एकटी असते. स्वयंपाक थोडाच लागतो, पण चुरी आणि कणी अजून आणते, सवय जात नाही.

परवा दिवेलागणीला आमटीत मीठ टाकायला हात उचलला आणि माजघरातून ‘अगं’ आले. हळूच, एकदाच.

काठावरच्या माणसांची रीत मला ठाऊक आहे. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचे असते. मी हातातले मीठ मडक्यात परत टाकले, गॅस बंद केला आणि म्हटले, “ओ. आले हं.”