हाडकोर पंक आणि नवे बाम

आधी चहा ओता. ही फजिती कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही. आणि हसायचं तर समोर हसा. पाठीमागं हसणारे माझ्याकडे भरपूर आहेत, त्या बाजूला आता जागा नाही.

तर मला एक खोड आहे. मी हार्डकोअर पंक ऐकतो. म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर शिर्केकाकूंचं झालं तेच तुमचंही व्हायचं. तीन-चार जण जमतात. गिटार करवतीसारखी चालवतात, मागच्या जन्मीचं वैर असल्यासारखा ड्रम बडवतात आणि एक जण घसा फाटेस्तोवर ओरडतो. गाणं दीड मिनिटात खलास. अख्खा अल्बम वीस मिनिटांत. हे मला आवडतं. का आवडतं? कारल्याची भाजी आवडणाऱ्याला विचारता का कधी?

मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. लग्नाचं राहून गेलं. आई गेल्यापासून कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये मी आणि माझे स्पीकर. ज्यानं मला हे वेड लावलं तो कॉलेजचा मित्र कॅनडाला गेला. नवा अल्बम आला की मी त्याला लांबलचक मेसेज करतो, तो उलट एक अंगठा पाठवतो. हल्ली अंगठाही दोन दिवसांनी येतो.

मग मतं ठेवायची कुठे? माणसाला मतं होतात हो, त्याला इलाज नाही. म्हणून मी इंटरनेटवर एक पान काढलं. दर रविवारी, नव्या अल्बमवर, चक्क मराठीत लिहितो. ते नियमित वाचणारा एक वाचक आहे. तो मीच. कधीकधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून उघडतो, म्हणजे दोन झाल्यासारखं वाटतं.

अशातच एका सकाळी जिन्यात शिर्केकाकू भेटल्या. काकू माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, स्वभावानं कडक. भाजीची पिशवी पायरीवर टेकवून दम खात होत्या. पाण्याची मोटर घरघरत होती.

"काय रे नंदू, रविवारी दिवसभर घरात बसून करतोस काय?"

हा प्रश्न मला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी विरघळलोच.

"लिहितो काकू. हार्डकोअर पंकवर. नवे अल्बम आले की त्यांच्यावर माझी मतं."

"पंक?" काकूंचे डोळे चमकले. "अगं बाई! किती वर्षं करतोयस?"

"वीस तरी झाली."

"आणि फायदा?"

"फायदा म्हणजे... सुरुवातीला अंगावर येतं. पण मग आत जे काही आखडलेलं असतं ना, ते सगळं मोकळं होतं. मी तर त्याच्यावरच जगतोय म्हणा ना."

"गुडघ्यांना?"

मी हसलो. "काकू, चांगलं असलं तर गुडघे काय, सगळं अंग हलायला लागतं!"

काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पिशवी न उचलताच लगबगीनं घरात गेल्या. पिशवी मी नेऊन दिली.

संध्याकाळी त्यांचा फोन. "नंदू, आमच्या ज्येष्ठ मंडळात या रविवारी एक पाहुणे बोलणार होते, ते आजारी पडले. तू बोलशील? मी सगळ्यांना तुझ्या पंकबद्दल सांगितलं. फार उत्सुक आहेत रे सगळे."

"काकू, पण त्यांना झेपेल का?"

"न झेपायला काय झालं? आम्हाला हे नवीन नाही. माझी आजी करायची!"

मी फोन हातात धरून उभाच. शिर्केकाकूंची आजी! पंक! आता शहाण्या माणसानं इथं थांबून दोन प्रश्न विचारायचे की नाही? पण मी काय केलं असेल? मी स्वतःची समजूत घातली, की आजी बंडखोर स्वभावाची असेल, सासूला उलट बोलत असेल, काकू व्यापक अर्थानं म्हणतायत. बडोदं कलेचं गाव आहे, इथले म्हातारेही रसिक! उपाशी माणूस पोळी गरम आहे का विचारत नाही.

आठवडाभर मी तयारी केली. चार नवे अल्बम निवडले. कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून पुटपुटत सराव केला. शेजारी बसणाऱ्या पटेलनं एका दिवशी विचारलंच, "नंदूभाई, तबियत तो बराबर छे ने?"

रविवारी इस्त्रीचा काळा शर्ट घातला, बगलेत स्पीकर मारला आणि साडेपाचला मंडळाच्या हॉलवर पोचलो. दारात फळा. फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं:

'हाडकोर पंक आणि नवे बाम : अनुभव व मते.'

थांबा, लगेच हसू नका. मला वाटलं लिहिणाऱ्याचं मराठी कच्चं. बडोद्याचं पाणी! 'हार्डकोअर'चं 'हाडकोर' केलंय, 'अल्बम'मधला 'अल' गाळलाय. मी तर उलट खूश झालो. चुकीचं का होईना, माझ्या पंकचं नाव खडूनं फळ्यावर!

आत चाळीसेक माणसं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांखाली काकू जुनी वर्तमानपत्रं पसरत होत्या.

"हे कशाला काकू?"

"प्रात्यक्षिक दाखवणार आहेस ना? फरशी खराब नको व्हायला."

मी म्हटलं, वा! यांनी या गाण्यांवर नाचणारे, एकमेकांवर आदळणारे लोक कुठंतरी पाहिलेत. पूर्ण अभ्यास करून आल्यात!

आणि मी बोलायला उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोललो नसेन.

"चांगला पंक कसा असावा?" मी विचारलं. "तो जाडसर असावा, खरबरीत असावा, थोडा गढूळच असावा! हल्ली काय करतात, चाळून, गाळून, गुळगुळीत करून विकतात. त्यात काही राम नाही."

माना डोलल्या. दोन-तीन वह्या निघाल्या. वह्या! माझ्या मतांसाठी!

"यंदा चार नवे आले. जपानचा फार जळजळतो, पण खरा. स्वीडनचा थंड, त्याला उशीर लागतो, पण एकदा आत शिरला की शिरला. ब्राझीलचा सगळ्यांत उत्तम, थेट हाडापर्यंत जातो. आणि अमेरिकेतला चौथा... त्याच्या नादी लागू नका. नुसता दिखावा. वरून काळा, आत सगळं गोड."

"बडोद्यात मिळतो का हो ब्राझीलचा?" मागून एक आजोबा.

"दुकानात नाही आजोबा, मागवावा लागतो."

"किती वेळ लावून ठेवायचा?" एका आजींनी विचारलं.

"वीस मिनिटं पुरे. माझ्याकडे सुटीच्या दिवशी सकाळपासून लावलेला असतो, पण मला सवय आहे."

"ब्लडप्रेशर असेल तर?"

"सुरुवातीला हळू लावा. मग वाढवत न्या."

"उपाशीपोटी की जेवून?"

मला वाटलं, किती गोड प्रश्न! "जेवल्यावर लगेच नको. पोटात ढवळतं."

"डोक्याला लावलेला चालतो?"

माझ्या डोळ्यांसमोर हेडफोन. "डोक्यालाच लावायचा आजी! कानांवर नीट दाबून बसला पाहिजे. मग बघा, बाहेरच्या जगाचा त्रास म्हणून नाही."

आजींनी 'कानांवर दाबून' असं लिहून खाली रेघ मारलेली मी स्वतः पाहिली.

काय सांगू, त्या अर्ध्या तासात मला आईची आठवण आली. ती दाराशी उभी राहून विचारायची, "संपलं का रे तुझं?" आणि इथं चाळीस माणसं म्हणत होती, अजून सांगा!

"बोलणं खूप झालं," मी म्हटलं. "आता लावतोच!"

हॉलमध्ये एकच हालचाल. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी पायजमा गुडघ्यांच्या वर चढवला. शेजारच्यांनी पँटची घडी घातली. एका काकूंनी दंडावरची बाही वर केली. मी बघत होतो आणि मला वाटत होतं, काय हा जोश! काय ही तयारी!

मी बटण दाबलं.

ब्राझीलच्या त्या गड्यानं पहिलीच आरोळी अशी ठोकली की पायजमावाले आजोबा वर्तमानपत्रासकट खुर्चीतून सरकले. कुणीतरी "साप! साप!" असं ओरडलं, का ते अजून कळलेलं नाही. कुणी कान धरले, कुणी दार गाठलं. शिर्केकाकू धावत आल्या आणि स्पीकरवर दोन्ही हात ठेवून ओरडल्या, "नंदू! हे काय आहे?"

मी गाणं थांबवलं. "पंक, काकू."

"पंक म्हणजे चिखल रे! पंकात जन्मतं ते पंकज, म्हणून कमळ! जन्मभर शिकवलं मी! गुडघ्यांना लावायचा मातीचा लेप कुठाय? आणि ते बाम?"

"बाम नाही काकू... अल्बम."

सगळं कळायला मला दोन सेकंद लागले. मंडळाची सहल मागच्या महिन्यात निसर्गोपचार केंद्रात जाऊन आली होती. तिथं अंगाला माती फासली, तेव्हापासून सगळ्यांनी मातीचा ध्यास घेतला होता. आजारी पडलेले पाहुणे त्यातलेच तज्ज्ञ. आणि बदली खेळाडू कोण? मी!

आजोबांनी पायजमा खाली केला. तो इतक्या सावकाश केला, की तेवढ्यात मला फरशी दुभंगावीशी वाटली. कुणी रागावलं नाही हो. रागावले असते तर बरं झालं असतं. शेव-उसळीची बशी माझ्या हातात दिली आणि सगळे पाच मिनिटांत पांगले. काकू माझ्याकडे न बघताच गेल्या. मी वर्तमानपत्रं गोळा करत बसलो. त्या आजींची वही खुर्चीवरच राहिली होती. लिहिलेलं पान फाडून नेलेलं.

"परत लाव ना ते," मागून आवाज आला.

बघतो तर एक उंच, वाळलेले आजोबा. मोहितेकाका. तीस-पस्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं ते मोठ्यानं बोलत होते.

"आमच्या शेडमधला आवाज आहे हा! रिटायर झाल्यापासून असं काही कानात गेलंच नाही. घरात सगळे कुजबुजतात सालं."

मी लावलं. ते डोळे मिटून बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, "घरी आहे अजून?"

घरी आहे का! घरी दुसरं आहे काय?

पुढच्या रविवारी मोहितेकाका दहाच्या ठोक्याला माझ्या दारात. त्याच्या पुढच्याही. त्याच्या पुढच्याही. मी दोन कप चहा करायला शिकलो. इतकी वर्षं एकाच कपाचं पाणी ठेवायची हाताला सवय, दुसऱ्या वेळी साखरच चुकायची. अल्बम लावायचा, मग मी मतं मांडायची. ड्रमवर बोलायचो, गायकावर बोलायचो, त्यांचा आधीचा अल्बम का सरस होता यावर तर पाऊण तास. काका टक लावून माझ्या तोंडाकडे बघत, मान डोलवत. मध्येच "वा!" म्हणत. इंटरनेटवरचं पान मी बंदच करून टाकलं. माझ्याकडे हाडामांसाचा श्रोता असताना पान कशाला?

चौथ्या रविवारी मी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो ते पटलं?"

काका हसत बसले.

"काका! पटलं का?"

त्यांनी कानाला हात लावला, मग खिशातून एक छोटं यंत्र काढून दाखवलं. कानाचं मशीन. "हे घातलं की तुझं गाणं डोक्यात खिळे ठोकतं रे. म्हणून तुझ्या जिन्यातच काढून ठेवतो. त्याच्याशिवाय गाणं छान ऐकू येतं."

"आणि माझं बोलणं?"

"काय?"

म्हणजे चार रविवार मी भिंतीशी बोलत होतो. भिंत चहा पीत होती एवढंच. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "मतं! काका, माझी मतं!"

त्यांचा चेहरा उजळला. "मटण? अरे, मग आधी नाही का सांगायचं! सूनबाई गेल्या दिवाळीपासून घरात करू देत नाही. रस्सा तिखट ठेव हं!"

आता ऐंशीच्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार, की मटण नाही, मतं? पिशवी घेऊन निघालो. परत आलो आणि आठवलं, आमची सोसायटी कडक शाकाहारी. इथं ऑम्लेट घालायचं तर खिडक्या लावाव्या लागतात! मग काय, जगाला शिव्या घालणाऱ्या संगीताचा हा वीस वर्षांचा भक्त खिडक्या लावून, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून, एका वेळी सहा उदबत्त्या पेटवून कुकरपाशी उभा. शिट्या कुणी मोजू नयेत म्हणून नवा अल्बम पूर्ण आवाजात लावला.

आणि खालून शिर्केकाकूंचा फोन! त्या फजितीनंतरचा पहिलाच. "नंदू, ते तुझं पंक आधी बंद कर."

मी घाबरून बंद केलं. नेमकी त्या शांततेत कुकरनं लांबलचक शिटी मारली.

काकू हळूच म्हणाल्या, "सहावी ना? अजून एक होऊ दे. आणि मी डबा घेऊन वर येतेय, दार लोटून ठेव."

तिघं जेवलो. काकांनी दोनदा रस्सा मागून घेतला, काकूंनी मिठाबद्दल बोलणी खाऊ घातली.

तो नवा अल्बम कसा होता म्हणता? शिट्यांपुढं ऐकलाय कुणी! पण माझं मत विचाराल, तर पुढच्या वेळी खोबरं जरा जास्त भाजायला हवं.