धुऱ्यावरचे काळे ठिपके

भिजलेल्या कडब्याला बुरशीचा कुबट वास येतो. काल रिठदच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागून तो आला आणि मला आमच्या अंगणात खाली मान घालून उभी असलेली सुमनकाकू दिसली.

आमच्या कडब्याच्या गंजीवर काळे ठिपके पडले होते. गाय तोंड लावत नव्हती. मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, शेजारच्या सुमनकाकूवर ठपका ठेवला. "हे करनीच हाये. देवळात बेलभंडार उचलून शपथ घे, नाही तं गाव सोड."

मी तेव्हा कॉलेजात होते, पत्रकं वाचून पेटलेली. अंगणातच भाषण ठोकलं. कोणी ऐकेना. मग मी घरातून भिंग आणलं. "मोठेबाबा, ही बुरशी आहे. मेलेल्या गवतावर आपोआप येते. चला तुमच्या धुऱ्यावर."

धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या वाळल्या गवतावर, तेच ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे. वाळल्या तुराट्यांवरही तेच. मोठेबाबा भिंग धरून बराच वेळ वाकून राहिले.

"काहून हो भाऊजी," मागून सुमनकाकू म्हणाली, "एवढ्या साऱ्या रानावर म्या एकलीनंच करनी केली काय? मले तं सैपाकालेच टाइम भेटत नाही!"

मोठेबाबांनाही हसू आवरलं नाही. "जा माय, घरी जा," ते म्हणाले.

संध्याकाळी तिच्या चुलीचा धूर दिसला. तेव्हा मला तो माझा विजय वाटला होता. आज इतकंच वाटतं, बरं झालं, त्या रात्री ती आपल्याच घरात जेवली.