आत्याला दिलेला आवाज

आमच्या गल्लीवर फिल्म निघतेय हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्या बोळात आता बघण्यासारखं आहे काय? पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, तेव्हा घरामागच्या शेडमध्ये घोडं असायचं. पुढे तिथे पत्र्याच्या ट्रंका ठोकणारे आले, आता मोबाइलची कव्हरं विकतात. पण पुण्याहून नोकरीसाठी आलेली, जयलक्ष्मीपुरमला राहणारी एक मुलगी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन येऊ लागली आणि माझ्या आत्यासमोर बसू लागली. आत्याला ऐकणारं माणूस हवंच होतं.

"तोफ वाजली की नाही, घोडं सुम्ने गप उभं राहीना!" आत्या सांगायची. "म्हातारं झालेलं, तरी दसऱ्याच्या मिरवणुकीला जायचं म्हणून नाचायचं. मत्ते मी दारात गोणी टाकून बसायची. नाहीतर पळालंच असतं, अल्वा?"

तिचं मराठी असंच, कानडीत घोळून आलेलं. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं होतं. मी मात्र बारा वर्षं पुण्यात नोकरी करून परतलो होतो. तिथे एकदा मीटिंगमध्ये माझ्या तोंडून 'मग'ऐवजी 'मत्ते' निघून गेलं आणि टेबलाभोवतीचे सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी माझी भाषा घासूनपुसून लख्ख केली.

फिल्म पुण्यात दाखवायचं ठरलं तेव्हा त्या मुलीने मला विचारलं, "आजींचं बोलणं तसंच ठेवून खाली अर्थाची पट्टी देऊ का?" तिला ते तसंच हवं होतं, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "नको हो, लोक हसतील. दुसऱ्या कुणाकडून तरी स्वच्छ मराठीत वदवून घ्या." एवढ्यावर थांबलो नाही. आत्याची सगळी वाक्यं मी स्वतः बसून शुद्ध करून दिली. आत्याच्या आवाजातलं मूळ चित्रण पुसून टाकू का, जागा अडतेय, असं तिने विचारलं, त्यालाही हो म्हणालो. आत्याला विचारलं नाही. सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मला तिच्या बोलण्याची लाज वाटत होती.

दोन महिन्यांत आत्या गेली.

फिल्म म्हैसूरला दाखवणार होते त्या दिवशी अप्पा, म्हणजे माझे वडील, कोट घालून तयार होऊन बसले. आत्या त्यांची अक्का, थोरली बहीण. त्यांना दोन वर्षांपासून काहीच दिसत नाही. "बघायला कोण येतंय?" ते म्हणाले. "अक्काला ऐकायला येतो." आवाज बदललाय हे मी त्यांना सांगितलं नाही. हात धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

दिवे मालवले. पडद्यावर आमची गल्ली आली आणि आमच्या उंबऱ्यावर बसलेली आत्या. तिने तोंड उघडलं आणि एक गोड, तरुण आवाज म्हणाला, "तोफ वाजली की घोडा अस्वस्थ व्हायचा. मग मी दारात गोणी टाकून बसत असे."

अप्पांनी मान तिरकी केली. "कोण रे ही बाई? आमच्या घरचं हिला कसं माहीत?"

"फिल्मवाली आहे, अप्पा," मी म्हणालो.

"मत्ते अक्का कधी येणार?"

"येईल."

आत्या पडद्यावर हात नाचवून बोलत होती. ते हात तिचे होते, डोळे तिचे होते, आणि त्या तोंडातून माझीच वाक्यं येत होती. मला तिच्याकडे बघवेना. अप्पा मात्र पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत होते. दर दोन मिनिटांनी तेच विचारायचे आणि मी तेच सांगायचो.

एका ठिकाणी आत्या बोलता बोलता थांबली. तिथे बदलण्यासारखं वाक्यच नव्हतं, म्हणून मूळ आवाज तसाच राहिला होता. लांबून, पलीकडच्या बोळात उरलेल्या एका ट्रंकवाल्याची पत्र्यावरची ठकठक ऐकू आली आणि आत्या दोनदा खोकली. तिचा तो जुना, घोगरा खोकला.

अप्पा ताडकन उभे राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी बसा म्हणालं. अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"अक्का आहे रे! इल्लेच आहे, जवळ आहे," ते म्हणाले. मग बराच वेळ कान देऊन उभे राहिले. तो गोड आवाज पुन्हा सुरू झाला होता.

"मग ती बोलत का नाही?"